माशाचे घर बदलताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातला एक मासा मेला. माझी नववीतली मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक माझीच होती. ती इतरांच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

माशांचा नाद तिला मुंबईत लागला. २०१६ साली आम्ही मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहायला गेलो होतो. १९५१ मध्ये सुरू झालेले ते मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ मध्येच पुन्हा उघडले होते. पोर काचेला नाक लावून उभी राहिली, ती हलेचना. पुढे कित्येक वर्षे "पप्पा, आपण मासे कधी आणायचे?" हा प्रश्न चालूच राहिला. शेवटी एक दोन फुटी काचेची टाकी आणि बोटाएवढे दोन ऑस्कर मासे घरी आले. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला हा मासा फूटभर वाढतो, हे आम्हाला विकत घेताना ठाऊक नव्हते. वर्षभरात दोघेही वीतभर झाले. बिचाऱ्यांना वळायलाही जागा उरली नाही.

मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. हिशेब मांडला. जुनी टाकी दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे २ घनफूट. पाणी सुमारे ५७ लिटर. एक चार फुटी जुनी टाकी स्वस्तात मिळत होती. ती चार बाय दीड बाय दीड, म्हणजे ९ घनफूट. पाणी सुमारे २५५ लिटर. हिशेब चोख होता. पण मासा म्हणजे खतावणीतली रक्कम नव्हे, की या पानावरून उचलली आणि त्या पानावर मांडली.

मे महिन्यातला रविवार, भर दुपार. नुकत्याच आलेल्या नळाच्या पाण्याने टाकी भरली आणि जाळीने एक मासा उचलला. तो जाळीत फडफडला, कल्ले अडकले, दोन-चार खवले निघाले. तसाच नव्या पाण्यात सोडला. संध्याकाळी तो आडवा झाला होता. दुसरा जुन्या टाकीतच होता, म्हणून वाचला.

शेजारचे म्हणाले, "त्याले नळगंगेत सोडून द्या, सुटीन बिचारा." मलाही क्षणभर पटले. पण परका मासा नदीत सोडणे हा भूतदयेचा मार्ग नाही. हौशी लोकांच्या टाक्यांतला सकर मासा आपल्याच राज्यातल्या उजनी धरणात पसरला आहे आणि तिथल्या मच्छीमारांना त्याचा त्रास होतो आहे. आपली अडचण दुसऱ्याच्या पोटावर कशी ढकलायची?

मग ओळखीच्या एका भोई काकांकडे गेलो. उभे आयुष्य त्यांनी तळ्यांत मत्स्यबीज सोडले आहे. सगळे ऐकून ते म्हणाले, "मासा पान्यानं नाही मेला भाऊ, घाईनं मेला." रोहू-कटल्याचे बीज नेताना ते आधी उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. पिशवीत थोडे पाणी, वर ऑक्सिजन. तळ्यावर पोचल्यावर पिशवी आधी पाण्यात तरंगत ठेवायची. आतले-बाहेरचे पाणी सारखे गार झाले, की मगच तोंड सोडायचे.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशाचे कल्ले जाळते, हे मला नंतर वाचून कळले. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे सूक्ष्म जिवाणू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वाढतात, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत ते नसतातच. दिसायला स्वच्छ असलेले पाणी म्हणून विषारी ठरू शकते.

मुलांच्या आईने एकच अट घातली. "लोकं पान्यासाठी गुंड घेऊन उभे असताना मी दोनशे लिटर माशाले देनार नाही. पाऊस पडू द्या." तिचे म्हणणे खरे होते. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाची वाट पाहावी लागते. आम्ही थांबलो. तेवढ्या दिवसांत नवा फिल्टर जुन्याच टाकीत चालवत ठेवला, म्हणजे त्याच्या स्पंजात जिवाणू वाढले.

श्रावणात काम हाती घेतले. पक्क्या, सपाट स्टँडवर थर्माकोलची शीट घालून टाकी ठेवली; भरल्यावर तिचे वजन अडीचशे किलोच्या पुढे जाते. ड्रममध्ये दोन दिवस उघडे ठेवलेले पाणी क्लोरीन मारणारे औषध टाकून भरले. माशाला एक दिवस उपाशी ठेवले. सकाळच्या गारव्यात जुन्या टाकीतले थोडे पाणी काढून घेतले आणि जाळीऐवजी टबच पाण्यात बुडवून मासा पाण्यासकट उचलला. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने मुलगी. ऑस्कर उडी मारतो, म्हणून वर ओला टॉवेल. मग तासभर मगाने थोडे थोडे नव्या टाकीतले पाणी टबात मिसळले. शेवटी टब टाकीत तिरका केला. मासा आपला आपण बाहेर पडला.

त्या दिवशी टाकीचा दिवा लावला नाही, खायला घातले नाही. दोन दिवस तो कोपऱ्यात होता. मुलगी शाळेतून आली, की आधी टाकीपाशी जाई. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातून दाणा घेतला. तेव्हा ती माझ्याकडे पाहून हसली. मला तेवढे पुरे होते.

जुन्या टाकीतले उरलेले पाणी आम्ही दारातल्या कडुनिंबाला घातले.

ज्यांच्या घरी मुलांचा असा हट्ट चालू असेल, त्यांना एवढेच सांगणे आहे : मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो, हे दुकानात आधी विचारा. तेवढे घर आणि तेवढे पाणी देता येत असेल तरच तो घरी आणा.