अंदमान विथ आई!

अंदमान म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, स्कूबा आणि झक्कास फोटो! माझाही प्लॅन तोच होता. पण ग्रुपमधल्या तिघींना ऑफिसनं सुट्टीच दिली नाही. मग मी सरळ चाकूरला फोन लावला. ‘आई, समुद्र बघायला येतेस?’

आईचा प्रवास म्हणजे तुळजापूर, पंढरपूर आणि माझा पुण्यातला फ्लॅट. त्यात बाबा गेल्यापासून आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नव्हतं. पाच दिवस एका खोलीत बोलायचं काय, याचंच मला टेन्शन!

पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजय पुरम) सेल्युलर जेल पाहिलं आणि बोटीनं शहीद द्वीप गाठलं. हेच पूर्वीचं नील बेट. इथं पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं भाजीपाला पिकवतात. आमची घरमालकीणही बंगालीच. मार्च महिना. तिनं आल्या आल्या बजावलं, ‘पानी संभालके!’

आई चाट पडली. ‘चहूकडं पाणी अन् वापरायला नाही? आपल्यासारखंच की गं!’

खरंच की! इथं वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, लातूरच्या जवळपास चौपट. पण बेटं लहान, उताराची. बराचसा पाऊस समुद्रात वाहून जातो आणि उन्हाळ्यात टंचाई येते. मग काय, मोडक्यातोडक्या हिंदीत दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की बीच राहिला बाजूला!

त्या रात्री आई आपणहून बोलायला लागली. एप्रिल 2016 मध्ये मिरजहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ती बातमी मी पुण्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये वाचली होती. तेव्हा बाबा चाकूरला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टँकरची वाट बघत ओट्यावर बसायचे. ‘अन् तुझा फोन आला की म्हणायचे, सगळं मजेत आहे. लेकीची परीक्षा आहे, तिला कशाला घोर?’ हे मला नऊ वर्षांनी कळत होतं, घरापासून समुद्रापार.

आम्ही दोघी रडलो. मग हसलोही. सकाळी आईनं साडी जरा वर खोचली आणि थेट गुडघाभर पाण्यात!

स्कूबा राहिलं. चालतंय की! तुमची पुढची सुट्टी मंजूर झाली, तर ग्रुपवर मेसेज टाकण्याआधी एक फोन घरी करून बघा.