बावन्न गुंठ्यांचा एक ठिपका

दुकान आवरायला काढलं तेव्हा खालच्या कप्प्यात फ्लॉप्यांचे चार डबे निघाले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं काम त्यात होतं. लग्नपत्रिका, जिनिंगची लेटरहेडं, निवडणुकीची पत्रकं, कुणाकुणाचे फोटो. जुन्या संगणकावर कशाबशा वाचून घेतल्या, पण त्यातली निम्मी चित्रं आजचा मोबाइल ओळखतच नाही. मग कमांडच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची: कन्व्हर्ट, जुन्या फाइलचं नाव, नव्या फाइलचं नाव, एंटर. कोरलमध्ये एकेक उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करत बसलो असतो तर दिवाळी उजाडली असती. या ओळीला पोळ्याच्या सुटीचा एक दिवस पुरला.

रूपांतर झालं की जुनी फाइल पुसायची. पुसण्याआधी केलेली ही मोजदाद.

पीसीएक्स

लग्नपत्रिकेवरचा गणपती यात असायचा. ही झेडसॉफ्टच्या पीसी पेंटब्रशची फाइल. विंडोज ३ च्या पेंटब्रशलाही चालायची. तिची काटकसर साधी. एकसारखे ठिपके ओळीने आले तर एकेक न लिहिता 'पांढरे इतके' एवढंच लिहायचं. मात्र एका दमात ६३ च. चौसष्टावा आला की मोजणी नव्याने. ज्या गणपतीभोवती मोकळी जागा तो हलका, नक्षीदार मखरातला जड. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत चार गणपती जास्त बसावेत म्हणून आम्ही मखरं खोडायचो.

आता सगळे पीएनजी झाले. जागेची ददात नाही. मखर तेवढं गेलेलंच.

टिफ

पेजमेकर काढणाऱ्या आल्डस कंपनीनेच १९८६ मध्ये ही फाइल आणली, त्यामुळे छापखान्याचा तिच्यावर भरवसा. फाइलची पहिली दोन अक्षरं 'आयआय' किंवा 'एमएम'. आयआय म्हणजे इंटेलची रीत, एमएम म्हणजे मोटोरोलाची. आकडा कोणत्या टोकाकडून वाचायचा, एवढाच फरक. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: आपण बोलताना 'पंचवीस' म्हणतो, आधी पाच मग वीस, लिहिताना आधी २ मग ५.

नागपूरहून स्कॅन होऊन आलेली फ्लॉपी हातात आली की पहिला प्रश्न, "मॅकची का पीसीची?" टिफ अजून आहे. तो प्रश्न कुणी विचारत नाही.

जिफ

१९८७ ची. रंग जास्तीत जास्त २५६. तिच्या आकुंचनाच्या रीतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं, अमेरिकेत ते २००३ मध्ये संपलं. त्या भांडणातूनच पीएनजी जन्मली. एका लग्नाचे फोटो कुणी तरी जिफमध्ये ठेवून दिले होते. हळदीचा पिवळा आणि शालूचा पिवळा एकच झालेला. पीएनजीत कोट्यवधी रंगांची सोय आहे. या फोटोंनी त्यातले २५६ च वापरले.

नोकियाचा लोगो

मोबाइलच्या पडद्यावर कंपनीच्या नावाच्या जागी आपलं चित्र. रुंदी ७२ ठिपके, उंची १४. एकूण १,००८. काळा किंवा हिरवट, तिसरा रंग नाही. पोरांना 'जय शिवराय' हवं असायचं. १४ ओळींत देवनागरी बसवायची म्हणजे १ ओळ शिरोरेखेला, ३ वरच्या वेलांटीला, उरलेल्या १० अक्षराला. 'शि'ची गाठ दोन ठिपक्यांत आटपायची. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की 'शि'चा 'रि' वाचला जाई.

नेटपीबीएम या साधनसंचात 'पीबीएमटूनोकिया' नावाची आज्ञा आहे. फोन मात्र टेबलाच्या खणात.

मधला थांबा

हा नेटपीबीएम मुळात जेफ पॉस्कान्झर यांचा, १९८० च्या दशकातला. चित्र ईमेलमधून साध्या अक्षरांसारखं जावं म्हणून त्यांनी एक रीत बसवली. पहिल्या ओळीत 'पी१', दुसरीत रुंदी-उंची, पुढे काळ्याला १ आणि पांढऱ्याला ०. असं:

पी१
७ ६
१ १ १ १ १ १ १
० १ ० ० ० १ ०
० १ ० ० ० १ ०
० १ १ १ १ १ ०
० ० ० ० ० १ ०
० ० ० ० ० १ ०

१ वर बोट ठेवत खाली या. 'प' आहे.

याहून मोठी युक्ती पुढे. फाइलींचे ३० प्रकार असतील आणि प्रत्येकातून प्रत्येकात थेट जायचं असेल, तर ८७० साधनं लागतील. दारव्ह्याहून वणीला जायचं तर आपण यवतमाळला उतरून गाडी बदलतो, तसं सगळ्यांनी आधी या साध्या प्रकारात उतरायचं, तिथून पुढे. मग ६० साधनांत भागतं. या थांब्यावर कुणी मुक्काम करत नाही, म्हणून त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

बीआयएल

एक संशोधक विद्यार्थी सीडी घेऊन आला होता. आयआरएस-१ए हा उपग्रह १९८८ च्या मार्चमध्ये गेला, त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याने टिपलेला आपला मुलूख. प्रकाशाच्या चार पट्ट्यांतलं चित्र: पहिल्या पट्ट्याची एक ओळ, दुसऱ्याची एक ओळ, तिसऱ्याची, चौथ्याची, मग पुन्हा पहिल्याची. नुसते आकडे. रुंदी किती, ते आकड्यांत लिहिलेलं नसतं; सोबतच्या कागदावर असतं. रुंदी एका ठिपक्याने चुकली की प्रत्येक ओळ थोडी सरकते आणि पैनगंगा तिरपी वाहू लागते. आमची चार वेळा वाहिली.

पाचव्यांदा जमलं. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या 'जीडाल' या साधनाची एक ओळ दिली आणि जिओटिफ हातात आलं.

लिस-१ चा एक ठिपका ७२.५ मीटर लांब, तितकाच रुंद. गुंठ्यांत काढला तर ५२. सव्वा एकराच्या वर जमीन, तिचा एका पट्ट्यात एक आकडा. त्या आकड्यात कापूस आहे, कापसातल्या तुरीच्या ओळी आहेत, धुरा आहे, धुऱ्यावरची बाभूळ आहे, विहीर आहे. आज युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, साधारण एक गुंठा. पण १९८८ च्या त्या आकड्यातून तूर वेगळी काढणारी आज्ञा नाही.

फॉर्मचा फोटो

आयबीपीएसच्या बँकभरतीला फोटो २०० बाय २३० ठिपके, वजन २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, वजन १० ते २० केबी. फॉर्म भरून देणाऱ्यांच्या हाताला हे माप बसलेलं आहे. भरती असो की निराधारचा अर्ज, फोटो तेवढाच करून ठेवतात आणि मूळ फोटो पुसतात.

घाटंजीकडचा एक पोरगा असाच फॉर्मचा फोटो घेऊन आला. "आजीचा फोटो मोठा करून पाह्यजे जी. तेरवीले लागते."

"दुसरा नाही का?"

"नाही जी. तिनं काढूच नाही देल्ला."

२०० बाय २३० म्हणजे ४६,००० ठिपके. १० बाय १२ इंची फ्रेम नीट छापायची तर १ कोटी ८ लाख लागतात. आजीच्या एका ठिपक्याजवळ माझे २३४. मोबाइलमध्ये आता अशी अ‍ॅपं आहेत जी डोळे-नाक भरून देतात. पोराने ते करून पाहिलं होतं. "दिसते चांगली," म्हणाला, "पण आजी नाही वाटत."

कन्व्हर्ट

ही आज्ञा इमेजमॅजिकची. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्युपॉन्टमध्ये असताना लिहिली, १९९० मध्ये सगळ्यांना वापरायला दिली. विंडोजवर तिच्या नावाची अडचण व्हायची. तिथे याच नावाची, डिस्कची मांडणी बदलणारी दुसरी आज्ञा आधीच बसली होती. आता सातव्या आवृत्तीत 'कन्व्हर्ट' लिहिलं की ताकीद येते: हा शब्द जुना झाला, 'मॅजिक' लिहा. काम करते, पण आधी बोलते.

मी जुनाच शब्द लिहिला. आजीचा फोटो, बॉर्डर पांढरी, दोन्ही बाजूंना ४००, वर-खाली ४८५. एकूण १,००० बाय १,२००. ताकीद आली. फाइलही आली.

इंचाला १०० ठिपके धरून छापलं. १० बाय १२ ची फ्रेम, मधोमध २ इंची आजी, भोवती सगळा पांढरा कागद. पोराने फ्रेम हातभर लांब धरली, मग जवळ आणली.

"हे बरोबर हाये," म्हणाला. हार किती मोठा घ्यावा, ते विचारून गेला.