दर वर्षी रिकामी होणारी पलटण

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. मीही त्या वाटेला कधी गेलो नव्हतो. पण राजस्थानात महाजनच्या रेंजवर अमेरिकी तुकडीबरोबर 'युद्ध अभ्यास' चालू होता, तेव्हा संध्याकाळ झाली की त्यांचे जवान हातात चामड्याचे ग्लोव्हज घालून एकमेकांकडे चेंडू फेकायचे. त्यांच्यातला एक कॅप्टन कॉलेजच्या संघातून खेळलेला. चहा पिताना मी सहज विचारलं, तुमच्याकडचा सगळ्यात मोठा कॉलेज कोच कोण? त्याने क्षणभरही विचार न करता नाव घेतलं, रॉड डीडो. पुढे पोस्टिंग बदलली, पण ते नाव डोक्यात राहिलं आणि मिळेल ते वाचत गेलो.

डीडो स्वतः खेळाडू म्हणून फार पुढे गेले नाहीत. १९३५ साली ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाकडून ते दोन सामने खेळले. पाठीच्या दुखापतीने पुढची वाट बंद झाली. मग त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ट्रक वाहतुकीचा धंदा उभा केला आणि तो चांगला चालला.

१९४२ साली दुसऱ्या महायुद्धात त्यांचे गुरू सॅम बॅरी नौदलात गेले. बॅरी हे साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूएससीचे कोच. त्यांच्या जागी संघ आला २८ वर्षांच्या डीडोंकडे. फौजी भाषेत सांगायचं तर 'ऑफिशिएटिंग' कमांड. १९४६ मध्ये बॅरी परत आले. आता खुर्ची कोणाची? आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते माजी सैनिक वाचकांना सांगायला नको. तिथे दोघांनी मिळून संघ चालवला, १९५० साली बॅरींचं निधन होईपर्यंत. यूएससीचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद याच जोडीचं, १९४८चं. अंतिम लढतीत समोर होता येल विद्यापीठाचा संघ आणि त्याचा कॅप्टन होता युद्धात नौदलाचं विमान चालवून परत आलेला एक तरुण, जॉर्ज बुश. हेच पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणजे थोरले बुश. त्या काळात अमेरिकेतली कॉलेजं अशा माजी सैनिकांनी भरलेली होती. सरकार त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलत होतं.

बॅरींनंतर डीडो एकटे कोच राहिले, ते थेट १९८६ पर्यंत. एकूण ४५ मोसम, १,३३२ विजय, ११ राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांतली पाच लागोपाठ, १९७० ते १९७४. आणि पगार? वर्षाला नाममात्र एक डॉलर. घर ट्रकच्या धंद्यावर चालायचं.

हे आकडे मोठेच आहेत, पण मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. कॉलेजच्या कोचची पलटण दर वर्षी रिकामी होते. मुलगा अठराव्या वर्षी कच्चा येतो, तीन-चार वर्षांत तयार होतो आणि निघून जातो. जो सगळ्यात चांगला, तो सगळ्यात आधी जातो, कारण व्यावसायिक संघ त्याला उचलतात. टॉम सीव्हरचंच बघा. मरीन कोअरच्या राखीव दलात सेवा करून आलेला हा पिचर यूएससीत आला, तेव्हा डीडोंनी त्याला लगेच शिष्यवृत्ती दिली नाही. आधी उन्हाळ्यात अलास्काला जाऊन तिथल्या संघाकडून खेळून दाखव म्हणाले. त्याने दाखवलं, शिष्यवृत्ती मिळाली, आणि यूएससीकडून १९६५ चा एक मोसम खेळून तो गेला! पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्याने ३११ सामने जिंकले. डीडोंच्या वाट्याला आला एक मोसम.

मग जे टिकतं ते काय? डीडोंच्या बाबतीत उत्तर सरळ आहे, सवय. हातून चेंडू सुटला तर ते फार बोलत नसत. पण डोकं जागेवर नसल्यामुळे चूक झाली, कुठे उभं राहायचं, कुणाकडे फेकायचं याचा विचार आधी केलेला नसला, तर त्याची हजेरी घेतली जायची. आपले उस्तादही तेच करतात. नेम चुकला तर पुन्हा शिकवतील, पण हत्यार साफ नसेल तर सुट्टी नाही. एरवी डीडो सगळ्यांना 'टायगर' म्हणून हाक मारायचे. 'शाबास, शेर!' म्हणणारे आपले सुभेदार मेजर साहेब मला त्यात दिसले.

ही सवय १९७३ च्या उपांत्य सामन्यात दिसली. बेसबॉलला घड्याळ नसतं. शेवटच्या, म्हणजे नवव्या डावातही तुमचे तीन जण बाद होईपर्यंत सामना जिवंत असतो. यूएससी ०-७ ने मागे. समोर मिनेसोटाचा डेव्ह विनफिल्ड, जो पुढे मोठा व्यावसायिक खेळाडू झाला. त्या एका डावात यूएससीने आठ धावा काढून सामना ८-७ असा जिंकला आणि नंतर विजेतेपदही.

आमचं फौजी गणित डीडोंच्या उलटं. तिथे कोच ४५ वर्षं एका जागी आणि मुलं बदलत राहतात. इथे पलटण जागच्या जागी आणि सीओ दोन-अडीच वर्षांत बदलतो. गेल्या वर्षी मी कमांड सोडली. निरोपाची बडा खाना झाली, जवानांनी जीप दोरखंडाने ओढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीला नवा सीओ उभा होता. तसंच असायला हवं. पण मी तिथे काय ठेवून आलो, हा प्रश्न त्या जीपमध्येही सोबत होता आणि आजही आहे. ट्रॉफ्या मोजून त्याचं उत्तर मिळत नाही. रात्री दोन वाजता, कोणी बघत नसताना, संत्री कसा उभा आहे त्यावरून मिळतं. आणि ते बघायला आता मी तिथे नाही.

डीडोंना ते बघायला मिळालं. १९८६ च्या मोसमानंतर ते निवृत्त झाले, तेव्हा संघ हाती घेतला माइक गिलेस्पी यांनी. हे गिलेस्पी १९६१ च्या विजेत्या संघात डीडोंच्या हाताखाली खेळलेले. मधली बरीच वर्षं यूएससीला विजेतेपद मिळालं नाही. मग १९९८ साली गिलेस्पींच्या संघाने अंतिम सामना २१-१४ असा जिंकला. यूएससीचं ते बारावं विजेतेपद. डीडो तेव्हा ८४ वर्षांचे होते. पुढे २००६ च्या जानेवारीत ते गेले.

कोचच्या हिशेबात त्या बाराव्या विजेतेपदाची नोंद नाही. मला विचाराल तर मी ते त्यांच्याच खात्यात धरेन.