आई हयात आहे

कार्डावर छापलं होतं, ‘आई-वडील दोघंही हयात नाहीत’. आणि त्या मुलाची आई माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. मांडीवर धाकटी लेक, लेकीचे दोन्ही पाय जांभळ्या पाण्याच्या टबात. काम थांबवून प्रार्थना करायची म्हणून मी बायबल उघडलं, तर आत ठेवलेलं कार्ड खाली पडलं. तिनं ते उचललं, फोटो पाहिला आणि शेजारच्या नर्सला काहीतरी म्हणाली. नर्स माझ्याकडे बघेना. दोनदा विचारल्यावर म्हणाली, “सिस्टर, ती म्हणते हा माझा थोरला. बरा आहे का? पोटभर जेवतो का?”

ही २०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. अजूनही ती कुणाला सांगायला लागले की माझा आवाज चढतो.

आमच्या मंडळीचा गट केनियाला सेवाकार्यासाठी गेला होता. मी सिव्हिलमधून निवृत्त झालेली परिचारिका, त्यामुळे औषधांची पेटी माझ्याकडे. नाशिकच्या शरणपूरचं त्या किनाऱ्याशी जुनं नातं आहे, ते आमच्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमारानं अरबांच्या गुलामवाहू गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात, आणि त्यांतली पुष्कळशी शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. सुतारकी, लोहारकी, लिहिणं-वाचणं शिकली. डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. पुढं शरणपूरचेच रेव्हरंड प्राइस मोंबासाला गेले आणि १८७५ च्या सुमारास तिथं सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेरटाउन वसवलं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रेर, त्यांच्या नावावरून. तिथली घंटा अजून रस्त्याकाठी उभी आहे. आम्ही सगळ्यांनी तिच्यापाशी फोटो काढले, आणि आपण पूर्वजांचंच काम पुढं नेतोय असं मला मनापासून वाटलं.

मोंबासाहून उत्तरेला, सिसलची (घायपाताची) शेतं आणि खाडीवरचा पूल ओलांडला की किलिफी. तिथून आत, समुद्राकडे पाठ करून गेलं की हिरवाई संपते. पावसाचे पाच हंगाम ओळीनं कोरडे गेले होते, त्यामुळे मका उभ्या उभ्या वाळलेला. लोक झाडं तोडून कोळसा पाडत होते आणि पोती रस्त्याकडेला मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत होते. शिवाय त्याच वर्षी एप्रिलपासून याच जिल्ह्यातल्या शाकाहोलाच्या जंगलात, येशूला भेटायचं म्हणून उपाशी राहायला लावलेल्या माणसांची प्रेतं सापडली होती. चारशेच्या वर. त्यामुळे हातात बायबल घेतलेला कुणीही परका दिसला की गावातली म्हातारी माणसं उठून जवळ येत, कागद मागत. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तसंच करायला हवं होतं त्यांनी.

ज्या बालगृहात आम्ही उतरलो त्याचं नाव मी लिहीत नाही. जागा स्वच्छ होती, मुलं अंगानं भरलेली, प्रत्येकाच्या पायात बूट. सकाळी उजी, म्हणजे पिठाची पातळ पेज. दुपारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी, रविवारी चपाती. आपल्याकडे पुरणपोळीला असतो तसा मान तिकडे चपातीला आहे, मुलं आदल्या दिवसापासून नाचतात. दिवाणखान्यात एका भिंतीवर सगळ्या मुलांचे फोटो आणि फोटोखाली कार्डं. आमच्यातल्या प्रत्येकाला एकेक कार्ड दिलं. रोज प्रार्थना करायची आणि परत गेल्यावर महिन्याला अडीच हजार रुपये पाठवायचे. मला मिळाला तो चौथीतला, पुढचा दात अर्धा तुटलेला. गणितात हुशार, पण बोलायला लाजायचा.

गावातलं शिबिर तिसऱ्याच दिवशी होतं. तिकडे फुंझा नावाची पिसू असते. मादी पायाच्या बोटांत, टाचेत, नखाखाली घुसते आणि कातडीच्या आतच अंडी धरून वाटाण्याएवढी फुगते. वरून दिसतो तो पांढरट फोड आणि मधोमध काळा ठिपका. एकेका पायात असे वीस-पंचवीस. पोरं टाचा टेकवत नाहीत, पायाच्या कडेनं चालतात, आणि शाळेत बाकीची मुलं शेजारी बसू देत नाहीत. घरातच सुईनं टोकरून काढतात, तीच सुई सगळ्या घराला, म्हणून धनुर्वात होतो आणि त्याहून वाईटही. करायचं असतं ते असं: पाय साबणानं धुवायचे, पोटॅशिअम परमँगनेटच्या पाण्यात पंधराएक मिनिटं बुडवून ठेवायचे, पुसून व्हॅसलीन लावायचं. सिलिकॉनचं पातळ तेल मिळालं तर उत्तमच, त्यानं ती आतल्या आत गुदमरून मरते. पण खरं औषध पायाला नाहीच, जमिनीला आहे. ही पिसू कोरड्या धुळीत वाढते. झोपडीची जमीन सिमेंटची केली आणि पायात चपला घातल्या की संपलं. चार-पाच पोती सिमेंटचं काम.

त्या पोरीचे पाय मी धरले तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं होतं. आणि नेमकं तेव्हाच ते कार्ड पडलं.

थोरला बालगृहात, बूट घालून. धाकटी इथं, धुळीत. आई एकच. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं, पण पुढं जे कळलं ते याहून वाईट होतं.

मी तिला नर्सकरवी विचारलं, मुलगा शेवटचा कधी भेटला? म्हणाली, एप्रिलच्या सुट्टीत. मग आता ऑगस्टची सुट्टी लागलीय, घरी का नाही आला? त्यावर ती एकदम गप्प झाली, माझ्या अंगातल्या टी-शर्टकडे बघत राहिली. आमच्या गटाचे निळे टी-शर्ट होते, नाव छापलेले. मग तिनं सांगितलं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी ती मुलाला न्यायला गेली होती. कोळशाचं एक पोतं विकलं होतं, त्या पैशात मुलासाठी अंडी घेऊन ठेवली होती. पहाटे निघून चालत गेली. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, या सुट्टीत कुणालाही सोडायचं नाही, भारतातून पाहुणे येणार आहेत, मुलं इथंच हवीत. डिसेंबरला ये. ती तरी थांबली. आतून गाण्याचा आवाज येत होता. आमच्या स्वागताच्या गाण्याची तालीम चालली होती. दुपारपर्यंत ती फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहिली, एकदा तरी दिसेल म्हणून. मग कुणीतरी येऊन तिला सांगितलं की इथं बसू नकोस, पाहुण्यांची गाडी कधीही येईल, त्यांनी बघितलं तर बरं दिसणार नाही.

गाडी आमचीच. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याच फाटकातून आत गेलो. मुलं दोन रांगांत उभी होती आणि हातात कागदी झेंडे.

मी रात्री पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सिस्टर, भाषेचा घोटाळा असेल. सकाळी आम्ही दोघं संचालकांकडे गेलो. ते ओरडले नाहीत, काही लपवलंही नाही, आणि याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. त्यांनी कपाटातून फाईल काढली. आत आईचा अंगठा होता. मुलाला गरिबीमुळे इथं ठेवते, असा साधा अर्ज. वडील दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मोंबासाला बंदरात हमालीला गेले, पुढं पत्ता नाही. मग कार्डावर ‘हयात नाहीत’ का? म्हणाले, देणगीदारांच्या फॉर्मवर दोनच रकाने असतात, अनाथ आणि अर्धअनाथ. ‘गरीब’ असा रकाना नाही. गरिबाच्या मुलाला कुणी पैसे देत नाही, अनाथाला देतात. तुमच्याच लोकांना विचारा.

पाळकसाहेब खाली बघत होते. मी म्हटलं, निदान त्या दिवशी तिला आत तरी घ्यायचं. त्यावर संचालकांचं उत्तर: एकीला घेतलं तर बाकीच्याही येतील. बाकीच्याही. म्हणजे त्या भिंतीवरच्या किती मुलांच्या आया जिवंत होत्या ते त्या माणसाला तोंडपाठ होतं.

मला जे झोंबतं ते तिथं. खोटं छापलं, ते वाईटच. पण जित्याजागत्या बाईला कागदावर मारून टाकायचं आणि वर तिनं आपल्या मरणाचा देखावा बिघडवू नये म्हणून तिला झाडाखालून उठवायचं! आणि ते कुणासाठी? माझ्यासाठी. मला डोळे पुसत मुलांना जवळ घेता यावं म्हणून.

मी स्वतः बोर्डिंगमध्ये वाढलेय. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात. आई नेवाशाकडे रोजंदारीवर, हंगामात ऊसतोडीला, वडील लवकर गेले. बोर्डिंग नसतं तर मी नर्स झाले नसते, हे मी कितीतरी साक्षींत सांगितलंय. पण आमच्या रजिस्टरात आईचं नाव होतं. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत ती यायची, मेट्रन बाई तिला व्हरांड्यात चहा द्यायच्या, “तुमची पोर सांभाळलीय बघा” म्हणायच्या. मी कुणाची होते याबद्दल तिथं कुणालाही शंका नव्हती. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या, तेव्हा घरंच्या घरं उजाड झाली होती. तो काळ वेगळा. किलिफीत घर उभं होतं, आई उभी होती, फक्त घरात पीठ नव्हतं.

जगभरच्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, एक तरी, हयात असतात. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे कधीचं माहीत आहे. केनिया सरकारनं २०१७ च्या नोव्हेंबरात नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ मध्ये दहा वर्षांचं धोरण आखलं की मुलांना हळूहळू कुटुंबांत परत न्यायचं. गरीब कुटुंबात वाढणाऱ्या अनाथ आणि निराधार मुलांसाठी महिना २००० शिलिंग, म्हणजे तेव्हाचे अकरा-बाराशे रुपये, अशी सरकारी मदतही आहे. या बाईचं नाव त्या यादीत नव्हतं. मी मुलाच्या नावानं देणार होते अडीच हजार. हिशेब कुणीही करावा. तेवढ्यात त्या घरात दोन्ही मुलांना उजी, वह्या, गणवेश, शाळेतलं दुपारचं जेवण आणि वर्षाच्या आत जमिनीला सिमेंट झालं असतं. प्राथमिक शाळेची फी तिथं २००३ पासून माफ आहे, पण आई अडते ती गणवेशापाशी आणि जेवणापाशी.

आपल्या मंडळ्यांतून जे जे परदेशी किंवा इथल्याच बालगृहांना पैसे पाठवतात त्यांनी आधी एक प्रश्न लेखी विचारावा: मुलाचं घर कुठं आहे आणि सुट्टीत तो कुठं जातो? उत्तर टाळलं तर पैसे थांबवावेत.

असं मी आता लिहितेय खरी. पण निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या झोपडीवर गेले होते. नर्सला घेऊन, कुणाला न सांगता. मी तिला म्हटलं, मी वर तक्रार करते, तुझा मुलगा तुला परत मिळेल. मला वाटलं ती खूश होईल. ती घाबरली. लेसोच्या (कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या) टोकात दोन्ही हात गुंडाळून म्हणाली, असं करू नका. तिथं तो दोनदा जेवतो. इथं आणून मी त्याला काय देऊ? पुढच्या पावसाचं काय सांगता? तुम्ही जाल. मग किंचित थांबून म्हणाली, कार्डावर मला मेलेली लिहिलंय हे मला ठाऊक आहे. लिहू द्या. फक्त सुट्टीत सोडायला सांगा.

मी उत्तर देऊ शकले नाही. आजही त्या वाक्यापुढं माझा सगळा हिशेब लंगडा पडतो. तिला जे पटलं ते मला पटत नाही, आणि तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

नाशिकला आल्यावर उपासनेनंतर आम्ही फोटो दाखवले, साक्षी झाल्या. मला आधीच सुचवलं होतं की ती बाब व्यासपीठावरून नको, लोक द्यायचं थांबतील. मी सांगितलंच. दोन-तीन कुटुंबांनी खरोखर देणं थांबवलं, आणि कमिटीतले काही जण माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. मी प्रस्ताव दिलाय की पैसे तिथल्या नर्सच्या दवाखान्यामार्फत घरांना जावेत. तो सभेपुढं पडून आहे. कमिटीत मी बालगृहाला पैसे पाठवण्याच्या विरोधात मत दिलं, आणि त्या मुलाचे अडीच हजार मात्र स्वतःच्या पेन्शनमधून दर महिन्याला पाठवतेय, कारण त्याच्या आईनं थांबवू नका म्हटलंय. हे दोन्ही एकाच वेळी करणं बरोबर आहे का, असं माझ्या मुलीनं मला विचारलं. नाहीये. तरी पाठवतेय. त्या वर्षी डिसेंबरात मुलाला घरी सोडलं होतं, एवढं नर्सनं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं.

आता नव्या गटाचं ठरतंय. बालगृहाचं निमंत्रणाचं पत्र आलं, पुन्हा ऑगस्टचंच. शाळेला सुट्टी असते, त्यामुळे मुलं दिवसभर तुमच्यासोबत राहतील, असं त्यात लिहिलंय. कमिटीतल्या बाकी सगळ्यांच्या संमतीच्या सह्या झाल्या. मी केलेली नाही, आणि तारखा बदलल्याशिवाय करणारही नाही.