वाटीचं वजन



पर्युषणात माझ्या सासूबाई एकाशन करतात. एकदा ताटावरून उठल्या की दिवसभर पुन्हा घास नाही. स्वयंपाक कमी पडला तर त्या अर्धपोटी राहतात. जास्त झाला तर रात्रीचं शिळं आमच्याकडे ठेवत नाहीत. म्हणून माप नेमकं हवं.

त्या वाटीने सांगतात, मी वजनाने सामान आणते. पूर्वी शेरही दोन होते: वजनाचा आणि मापाचा. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाच्या शेराचं वजन मात्र धान्यागणिक बदलायचं.

वाटीचंही तसंच. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं, पातळ तूप साधारण २१८, साखर २००, तर गव्हाचं पीठ १२० ते १३०. पीठ दाबून भरलं की वजन वाढतं. म्हणून चाळून, अलगद भरून वरून सपाट करावं.

आपापल्या वाटीने एकेक जिन्नस एकदा तोलून घ्या आणि आकडे डब्यांवर चिकटवा. पाणी गाळताना पाळतो तीच जयणा, भुकेपुरतं मोजून शिजवण्यातही आहे.