आधी मिठाचं बोलू

डायलिसिसला आलेला पेशंट आधी वजनकाट्यावर उभा राहतो. आजच्या वजनातून ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, वजा केलं की मशीनने किती पाणी काढायचं ते कळतं. टेक्निशियन म्हणून कित्येक वर्षं मी त्या आकड्यात पेशंटची शिस्त पाहत आले. दीड-दोन किलो वाढलं असेल तर माणूस पथ्याचा. चार किलो वाढलं की, "काका, पाणी आवरा जरा." तहान मनाने दाबायची असते, असं माझं ठाम मत होतं. आता ते राहिलेलं नाही.

आमच्याकडे येणाऱ्या एका काकांची लघवी जवळपास बंद झालेली. दिवसाचं पाणी ते सकाळीच बाटलीत भरून ठेवायचे, चहासुद्धा त्याच हिशेबात धरायचे. तरी दर खेपेला वजन चारच्या आसपास वाढलेलं. एकदा काकू कळवळून म्हणाल्या, "मॅडम, दिवसभर धरतात हो ते. रात्री तोंडाला कोरड पडते, मग राहवत नाही." त्या दिवशी पहिल्यांदाच मी पाण्याऐवजी जेवणाचं विचारलं. सकाळी भाकरीशी ठेचा, दुपारी लोणचं आणि भाजलेला पापड, संध्याकाळी चहाबरोबर फरसाण.

शरीर रक्तातलं सोडियम एका ठरावीक पातळीवर राखतं. मीठ जास्त गेलं की तहान लागते आणि ती पातळी खाली येईपर्यंत भागत नाही. साधारण ८ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी धरून ठेवतं. किडनी धडधाकट असेल तर जादा मीठ लघवीवाटे निघून जातं. लघवी बंद असलेल्याच्या अंगात ते बहुतेक सगळं पुढच्या डायलिसिसपर्यंत मुक्कामाला असतं. रोज १० ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या अंगात दोन दिवसांत अडीच लिटर पाण्याची सोय झालेली असते. त्याला नुसतं "पाणी पिऊ नका" सांगणं म्हणजे तहान त्याच्या गळ्यात बांधून वर त्यालाच बोल लावणं.

हे पाणी काढतानाही मोल द्यावं लागतं. ६० किलोच्या माणसाचं चार लिटर पाणी चार तासांत काढायचं तर वेग ताशी दर किलोमागे जवळजवळ १७ मिली होतो. १३ च्या वर गेलं की हृदयाला धोका वाढतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, घरी गेल्यावर माणूस दिवसभर गळून पडतो. फ्रान्समधल्या तासाँच्या केंद्रात आठ-आठ तासांचं सावकाश डायलिसिस आणि कमी मिठाचं जेवण यांवर बहुतेक पेशंटचं बीपी गोळ्यांशिवाय ताब्यात राहिलं. आपल्याकडे खर्चापायी अनेकांना आठवड्यातून दोनदाच डायलिसिस परवडतं. तास वाढवणं सगळ्यांच्या हातात नाही. मीठ कमी करणं मात्र घरात जमतं.

काकूंनी लोणचं-पापड बंद केलं, ठेच्यात मीठ घालायचं सोडलं, आमटी-भाजीतलं निम्म्यावर आणलं. काही आठवड्यांत काकांची वजनवाढ अडीच किलोच्या आत आली. मुख्य म्हणजे त्यांना रात्रीची झोप लागू लागली.

पाण्याची मर्यादा सुटलेली नाही. साधारणपणे दिवसाच्या लघवीएवढं आणि वर अर्धा लिटर, असं डॉक्टर सांगतात. त्यात चहा, ताक, आमटी, बर्फ सगळं धरायचं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, वाढलेली साखरही तहान लावते. सैंधव हेही मीठच. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ तर डायलिसिसच्या पेशंटला देऊच नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ते हृदय बंद पाडू शकतं.

युनिटमधल्या माझ्या सहकाऱ्यांना आणि घरच्या मंडळींना हात जोडून एवढंच सांगणं आहे: वजन वाढलेलं दिसलं तर पेशंटला रागावू नका. काल ताटात काय होतं, ते आधी विचारा.