फाटा

चांदवडच्या माणसाला फाट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. आग्रा रस्त्याने नाशिकहून आलेली गाडी मालेगावकडे सरळ जाणार की मनमाडला वळणार, हे विचारूनच आम्ही पाय आत ठेवतो. संगणकाच्या प्रोग्रॅमलाही असेच फाटे असतात, हे मात्र मला भाचीकडून कळले.

ती पुण्याला याच धंद्यात आहे. दिवाळीला आली, तेव्हा कांद्याच्या एका व्यापाऱ्यासाठी हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम रचीत होती. वजन, भाव, हमाली, तोलाई. आणि शेतकऱ्याने उचल घेतली असेल, तर तीही वजा. उचल घेतलेल्या एकाची पट्टी तिने काढून पाहिली. यंत्र म्हणाले, सगळ्या ओळी चालल्या, शंभर टक्के! मला गणितात कधी एवढे गुण पडले असते, तर मी गावभर पेढे वाटले असते. ही आपली गप्पच.

"मामा, ओळी मोजून काय होते? तुम्ही रेणुकामातेला जाऊन पुन्हा हमरस्त्याला लागलात, की दोन्ही रस्ते पाहून झाले. पण देवळाकडे न वळता सरळ जाणाऱ्याचे काय होते, ते कुठे पाहिलेत?"

मग तिने ओळींऐवजी वाटा मोजावयास लावल्या. फाटा एक, वाटा दोन, चाललेली एक : पन्नास टक्के! राहिलेल्या वाटेने, म्हणजे उचल न घेतलेल्याची, पट्टी काढली, तर ती निघेचना. उचलीची रक्कम असेल तेव्हाच मांडलेली. नसेल तेथे शून्य लिहायचे राहून गेले होते. कुणाचे देणे न ठेवणारा गडीच नेमका खिडकीशी ताटकळला असता, आणि मागे ट्रॅक्टरांची रांग!

विमानातील संगणकांसाठी १९९२ साली जो दंडक निघाला, त्यात हीच प्रतवारी होती. बेताच्या धोक्याला प्रत्येक ओळ पुरे. त्याहून मोठ्याला प्रत्येक फाट्याच्या दोन्ही वाटा. आणि विमानच पडण्याची भीती, तेथे अटीतला तुकडान् तुकडा वेगळा तपासायचा. पण एकामागून एक दहा सुटे फाटे असले, तर दोन फेऱ्यांत सगळ्या वाटा चालून होतात, आणि त्यांच्या जुळण्या भरतात १०२४! शिवाय वाट चालली एवढेच टक्के सांगतात. आकडा बरोबर आला का, ते नाही.

ते काम तिने माझ्यावर सोपवले. फराळाचे ताट बाजूला सारून मी कागदावर पट्ट्या मांडू लागलो. तीन जुळल्या. चौथीत भाव पडलेला होता, उचल मालाच्या किमतीहून जास्त. दोन्ही वाटा चालून शंभर टक्के झालेली ती पट्टी शेतकऱ्याला रोख देत होती : उणे एकशेवीस रुपये.